सोडायचंय खरं, पण तयारी आहे का?

‘बस्, आजपासून बंद. पक्कं.’

रात्रीचा दीड वाजलेला असतो. रूम पार्टनर झोपलेला. मोबाइलची हिस्ट्री डिलीट झालेली. स्वतःची किळस येत असते आणि त्या किळसेतून एक शपथ निघते. कुणी आईची घेतं, कुणी देवाची, कुणी सरळ सगळे अ‍ॅप उडवून टाकतं. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी पेपर वाईट जातो, नाहीतर कुणाशी तरी वाजतं, नाहीतर काहीच होत नाही, नुसता कंटाळा येतो. आणि पुन्हा तेच.

पॉर्नबद्दल बोलतोय आपण. आणि फक्त पॉर्नबद्दल नाही. रात्र-रात्र अनोळखी लोकांशी चालणारं सेक्स चॅट, एकामागून एक गुपचूप भेटी, पैसे उधार घेऊन केलेले व्हिडिओ कॉल हेही त्यातच आलं. कट्ट्यावर याचे जोक होतात, मीम्स होतात. पण ‘मले सारं समजते बे, पन सुटत नाही’ हे वाक्य कट्ट्यावर कुणी बोलत नाही. मुली तर त्याहून बोलत नाहीत, कारण हा ‘पोरांचा प्रॉब्लेम’ आहे असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. तसं नाहीये.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. अमरावतीत, अकोल्यात शिकायला आलेल्या, खोली करून राहणाऱ्या पोरापोरींच्या हातात चोवीस तास इंटरनेट आलं. अभ्यासाचे व्हिडिओ त्याच फोनवर, घरचा व्हिडिओ कॉल त्याच फोनवर आणि हेही त्याच फोनवर. फोन फेकून देणं शक्य नाही. मग माणूस शपथेवर शपथ घेत जातो. प्रत्येक शपथ मोडली की वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे, आपल्यात विलपॉवरच नाही.

चर्चला जाणाऱ्या मुलामुलींचं दुखणं आणखी वेगळं. अकोल्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अलायन्स मिशनचं काम आहे. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५चा. तरी वऱ्हाडात ख्रिस्ती समाज लहानच. रविवारी चर्चमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. कोण कुणाचा भाचा, कोण कुणाची सून हे पाठ असतं. तिथे गिटार वाजवणाऱ्या, संडे स्कूल घेणाऱ्या तरुणाने ‘मी यात अडकलोय’ हे सांगायचं कुणाला? प्रार्थना करतो, उपास करतो, रडतो. आणि सोमवारी रात्री पुन्हा फोन.

मग प्रार्थना कमी पडते का? की इच्छाच नसते? हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे आणि त्याचं तिथे मिळणारं उत्तर ख्रिस्ती नसलेल्यांनाही उपयोगाचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

पॉर्न पाहिलं म्हणजे व्यसन लागलं, असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११मध्ये, लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याच्या विकाराची नोंद आहे. ही यादी जानेवारी २०२२पासून लागू झाली. त्यात ‘व्यसन’ हा शब्द वापरलेला नाही. आवेगावर ताबा नसण्याच्या विकारांमध्ये तो ठेवलाय. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३च्या यादीत तर अशा विकाराला जागाच मिळाली नाही. थोडक्यात, याला व्यसन म्हणायचं की नाही यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

आयसीडी-११ची कसोटी मात्र समजायला सोपी आहे. साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हे चाललंय का? अभ्यास, तब्येत, नाती यांची वाट लागतेय का? पुन्हा पुन्हा थांबवायचा प्रयत्न करूनही थांबत नाही का? मजा येईनाशी झाली तरी हात तिकडेच जातो का?

त्यातच एक महत्त्वाची सूचना आहे. ‘हे पाप आहे’ एवढ्याच विचाराने होणारा त्रास हा विकार मानायला पुरेसा नाही. म्हणजे महिन्यातून एकदा चुकून काही पाहिलं आणि आठवडाभर रडत बसलं, तर तो प्रश्न अपराधीपणाचा आहे. त्याबद्दल बोलायला हवंच, पण स्वतःला ‘अ‍ॅडिक्ट’ म्हणून शिक्का मारायची गरज नाही. तसंच, समलिंगी आकर्षण असणं म्हणजे लैंगिक व्यसन नव्हे. या दोन गोष्टींची सरमिसळ करून मुलांना ‘बरं’ करायला निघालेले लोक नुकसानच करतात.

‘बरं व्हायचंय का?’

योहानाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात एक प्रसंग आहे. यरुशलेममधल्या एका तळ्याच्या काठी आजारी माणसं पडलेली आहेत. त्यातला एक अडतीस वर्षं आजारी. येशू त्याच्यापाशी येतो आणि विचारतो, की बाबा, बरं व्हायची तुझी इच्छा आहे का?

पहिल्यांदा वाचताना हा प्रश्न विचित्रच वाटतो. अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसाला हे काय विचारायचं? पण त्या माणसाचं उत्तर बघा. तो ‘हो’ म्हणतच नाही. मला तळ्यात सोडायला कुणी नाही, दुसराच माझ्याआधी उतरतो, असं काहीतरी सांगत बसतो. कारणं खरी आहेत. पण प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तरीही येशू त्याला उठायला सांगतो आणि तो उठतो.

चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टिनचं उदाहरण तर थेट याच विषयाचं. इ.स. ३५४मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला हा हुशार तरुण पुढे चर्चचा मोठा विचारवंत झाला. पण त्याआधी वासनेशी त्याची वर्षानुवर्षं झुंज चालली होती. आपल्या आत्मकथनात तो स्वतःच कबूल करतो, की तरुणपणी तो देवाकडे शुद्ध आयुष्य मागायचा, पण ते इतक्यात नको अशी पुस्तीही जोडायचा. देवाने आपलं ऐकून लगेच बरं केलं तर, याचीच त्याला धास्ती होती! मन हाताला हुकूम देतं तर हात हलतो, पण मन मनालाच हुकूम देतं तेव्हा मन ऐकत नाही, हे कोडंही त्याने मांडलंय. त्याचं म्हणणं असं, की आपली इच्छा अर्धीच असते. अर्धं मन सोडायचं म्हणतं, अर्धं धरून ठेवतं.

सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण रात्री दीडची गोष्ट त्याला बरोबर ठाऊक होती.

पुढे पेलाजियस नावाच्या एका साधूशी ऑगस्टिनचा मोठा वाद झाला. माणसाने ठरवलं तर तो स्वतःच्या बळावर चांगला वागू शकतो, असं पेलाजियसचं म्हणणं. ऑगस्टिन म्हणाला, नाही, देवाच्या कृपेशिवाय ते होत नाही. चर्चने ऑगस्टिनची बाजू घेतली. पण मग माणसाकडे काहीच उरत नाही का? उधळ्या पुत्राची गोष्ट आठवा. घर सोडून गेलेला, डुकरांमागे राबणारा मुलगा शुद्धीवर येतो, उठतो आणि घराकडे चालायला लागतो. त्याच्याकडे घरी परत घेतलं जायची लायकी नसते, पैसा नसतो. असते ती फक्त तयारी. उरलेलं अंतर बाप धावत येऊन कापतो.

ख्रिस्ती विचारातली ‘तयारी’ ही अशी आहे. विलपॉवर म्हणजे ‘मी एकटा हे करून दाखवतो’. तयारी म्हणजे ‘माझ्याने एकट्याने होत नाही हे मला मान्य आहे आणि मदत घ्यायला मी उठतोय’. रात्री दीडची शपथ पहिल्या प्रकारातली असते. म्हणूनच ती टिकत नाही.

फी नाही, अट एकच

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुडे भेटले. बिल विल्सन शेअर बाजारातला, बॉब स्मिथ सर्जन. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती चळवळीशी संबंध आलेला. आपल्या चुका दुसऱ्याजवळ मोकळेपणाने कबूल करायच्या, ज्यांचं नुकसान केलं त्यांना भरपाई द्यायची, असा त्या चळवळीचा रिवाज होता. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली, जिला आपण ‘एए’ म्हणतो. १९३९मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यात बारा पायऱ्या छापल्या गेल्या.

एएचं सभासद व्हायला फी लागत नाही, धर्म विचारत नाहीत. अट एकच. पिणं सोडायची इच्छा हवी. बारा पायऱ्या नीट पाहिल्या तर हा धागा सारखा भेटतो. तिसरी पायरी स्वतःला देवाच्या हाती सोपवायचा निर्णय घेण्याची. सहावी आपले दोष देवाने काढून टाकावेत यासाठी पूर्ण तयार होण्याची. आठवी ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून भरपाईला तयार होण्याची. सहाव्या पायरीवर दोष काढणं नाहीच, फक्त तयार होणं आहे. त्यासाठी एक आख्खी पायरी ठेवावी लागली, यावरून तयार होणं हेच किती मोठं काम आहे ते कळतं.

१९७०च्या दशकात याच पायऱ्या घेऊन अमेरिकेत लैंगिक व्यसनासाठी गट सुरू झाले. तिथल्या काही चर्चमध्येही आता व्यसनमुक्तीचे गट चालतात. बायबलचा आधार घेऊन, नावं गुप्त ठेवून.

आपल्याकडे महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये मुंबईत बांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. काम मुख्यतः दारू आणि ड्रग्जचं. बारा पायऱ्यांच्या जोडीला फादरांनी योग आणला. बी. के. एस. अय्यंगार हे त्यांचे गुरू. २००९मध्ये फादरांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, ते कुठल्या धर्माचं नाही. वाट वेगळी असली तरी एक गोष्ट अशा सगळ्या ठिकाणी सारखी दिसते. पेशंटला दारापर्यंत दुसरं कुणी आणू शकतं, पण आत आल्यावर त्याच्या वतीने दुसरं कुणी ‘हो’ म्हणू शकत नाही.

म्हणजे नेमकं काय करायचं?

‘तयारी’ हा शब्द ऐकायला हवेतला वाटतो. पण तयारी आहे की नाही हे साध्या गोष्टींवरून कळतं.

एका जिवंत माणसाला खरं सांगायला तयार आहात का? सगळ्या जगाला सांगायची गरज नाही. एक पुरे. कॅथलिक असाल तर पापकबुलीत ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत, हा चर्चचा कडक नियम आहे. इतर अनेक चर्चमध्ये असा संस्कार नाही, तरी एकमेकांजवळ पापं कबूल करा हा याकोबाच्या पत्रातला सल्ला त्यांनाही आहेच. पाळक, मोठा भाऊ, कॉलेजचे समुपदेशक, तोंड बंद ठेवणारा मित्र, कुणीही चालेल. लपवण्यावरच तर हे सगळं चालतं.

फोन रात्री खोलीबाहेर ठेवायला तयार आहात का? ‘अलार्म लागतो ना बाप्पा’ हे उत्तर तोंडावर येईलच. साधं घड्याळ स्वस्तात मिळतं.

‘राखीव’ ठेवलेलं सोडायला तयार आहात का? हा सगळ्यात कठीण प्रश्न. सगळं डिलीट केलं, पण एक दुसरं अकाउंट राहू दिलं. एक फोल्डर राहू दिला. एका व्यक्तीचा नंबर वेगळ्या नावाने सेव्ह राहू दिला. म्हणजे ऑगस्टिनचंच ‘इतक्यात नको’.

आपली कमजोर वेळ ओळखायला तयार आहात का? व्यसनमुक्तीत काम करणारे चार गोष्टी बघायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. ओढ लागली की आधी विचारा, यातलं काय चाललंय? जेवलोय का? कुणावर चिडलोय का? ‘मी विचारच करणार नाही’ असं ठरवून उपयोग होत नाही. १९८७मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं. अस्वल काही डोक्यातून जाईना. त्यापेक्षा ओढ आली हे मान्य करायचं, उठायचं, खाली चक्कर मारायची, कुणाला तरी फोन करायचा. लाट चढते तशी उतरतेही.

आणि शेवटचं, घसरलात तर दुसऱ्याच दिवशी त्या एका माणसाला सांगायला तयार आहात का? ‘आता मोडलंच आहे तर आजचा दिवस होऊन जाऊ दे’ या विचाराने एका घसरणीचा आठवडा होतो.

यातल्या कशालाच तयार नसाल तर? तरी एक गोष्ट उरते. ‘मी तयार नाही, पण मला तयार व्हायचंय’ एवढं तर म्हणता येतं. विश्वास असेल तर तीच प्रार्थना करता येते. अडतीस वर्षं पडून असलेल्या माणसानेही सरळ ‘हो’ म्हटलं नव्हतं.

जबरदस्तीने होत नाही

कळल्यावर घरचे काय करतात? फोन काढून घेतात. बाप मारतो. आई रडून शपथ घालते. पाळक सगळ्यांसमोर उभं करून प्रार्थना करतो. हेतू चांगला असेलही. पण यातून तयारी येत नाही, नवीन लपवाछपवी येते.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३मध्ये दारूच्या पेशंटशी बोलायची एक पद्धत मांडली. पेशंटशी वाद घालायचा नाही, त्याला उपदेश करायचा नाही. प्रश्न असे विचारायचे, की का सोडायचं हे तोच आपल्या तोंडाने बोलेल. दुसऱ्याचं ऐकून माणूस बदलतो त्यापेक्षा स्वतःचं ऐकून जास्त बदलतो, असा त्यामागचा विचार. आज जगभर समुपदेशक ही पद्धत शिकतात.

वऱ्हाडातल्या माणसाला यात नवीन वाटू नये. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा कीर्तनात हेच करायचे. लोकांना प्रश्नावर प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढायचे, तेही वऱ्हाडी बोलीत. बाबांचे स्वतःचे वडील दारूपायी गेले होते. तरी त्यांचा भर शिव्याशापांपेक्षा विचारण्यावर होता.

तेव्हा मित्र अडकलेला असेल तर ‘सोड ना बे’ म्हणण्यापेक्षा ‘तुले यातून काय पाहिजे?’ असं विचारा. आणि मग गप्प बसून ऐका.

तयारी पुरते का?

नाही. हेही सांगायलाच हवं. इच्छा असूनही माणूस घसरतो आणि त्याचा अर्थ तो ढोंगी आहे असा होत नाही. कधी मुळाशी डिप्रेशन असतं. कधी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. त्यात तुमचा काही दोष नसतो आणि तो नुसत्या प्रार्थनेने मिटवायचा विषयही नाही. तिथे डॉक्टर आणि समुपदेशक लागतात. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं होत नाही.

दुसरी बाजूही आहे. लहान मुलांचे लैंगिक व्हिडिओ पाहणं, साठवणं हा पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यांखाली गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. कुणाचा चोरून व्हिडिओ काढणं, कुणावर जबरदस्ती करणं हेही गुन्हेच. तिथे ‘मला व्यसन आहे’ ही सबब चालत नाही. त्यात दुसऱ्याचा जीव भरडला जातो.

आणि जिच्याशी किंवा ज्याच्याशी नातं आहे, त्या व्यक्तीने लगेच माफ करावं असा हट्ट नको. भरपाईला तयार होणं आपल्या हातात आहे. माफी देणं तिच्या हातात.

मदत जवळच आहे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीत जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला सगळे इर्विन म्हणतात. तिथे मानसोपचार विभागाची चौकशी करा. घराबाहेर पडायची हिंमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. २०२२पासून सुरू आहे, फोन फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

रात्री दीडला शपथ घेण्याऐवजी तो नंबर लावता येईल. किंवा सकाळी उठून त्या एका माणसाला मेसेज करता येईल, ‘थोडं बोलायचं होतं, वेळ आहे का?’ बाकी काय बोलायचं ते भेटल्यावर सुचेल.